कैरोत बियर स्वस्त आहे, नजारा महाग आहे

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, धाकटे दीर आणि जाऊबाई, इजिप्तला निघालोय. आधी टूर आहे, आणि शेवटचे तीन दिवस कैरोत आमचे आम्ही राहणार आहोत. संध्याकाळी एखादी थंड बियर घ्यायला आम्हाला आवडतं, हो, मलासुद्धा. टूरवाला म्हणतो, मुस्लिम देश आहे, दारू फक्त फाइव्ह स्टारमध्ये मिळेल. तिथले दर पाहिले आणि गप्प बसलो. भाऊजींना तर व्हिस्कीच लागते. परवडेल आणि आम्हा दोघींनाही निवांत बसता येईल अशी जागा तिथे असते का, की तीन दिवस उसाच्या रसावर काढायचे? तारखा पक्क्या नाहीत, दिवाळीची सुट्टी किंवा फेब्रुवारी. – एक वाचक, ठाणे

उत्तर:

उसाचा रस कैरोत कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो आणि फार छान मिळतो, तेव्हा त्याला शिक्षा समजू नका. तो दुपारी प्या. संध्याकाळची सोय वेगळी करू.

तुमचा टूरवाला खोटं बोलत नाहीये. त्याला फक्त त्याची बस जिथून जाते तेवढंच कैरो माहीत आहे. इजिप्तमध्ये दारूबंदी नाही. तिथे बियर बनते, वाइन बनते, ती विकणारी परवानाधारक दुकानं आहेत, साधे बारही आहेत. कुणाला अजून पटत नसेल तर सांगा, की २०२१ साली तिथल्या पुरातत्त्व खात्याने अबायडोस या प्राचीन नगरात सुमारे ५००० वर्षांपूर्वीची बियरची भट्टी सापडल्याचं जाहीर केलं. एका वेळी हजारो लिटर काढायची म्हणे. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांनाही भाकरीबरोबर बियरचा शिधा मिळत होता.

आजची घरोघरची बियर म्हणजे स्टेला. हिरवी, अर्ध्या लिटरची बाटली. स्टेला आर्ट्वा नावाच्या बेल्जियन बियरशी तिचा काही संबंध नाही, गंमत म्हणजे कंपनीची मुळं मात्र १८९७ साली अलेक्झांड्रियात बेल्जियन लोकांनीच रोवली. राष्ट्राध्यक्ष नासरच्या काळात ती सरकारजमा झाली, १९९७ मध्ये विकली गेली आणि २००२ पासून हायनेकेनकडे आहे. दुसरी मोठी बियर सक्कारा, तीही आता याच घरातली. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की तुम्ही गल्लीतल्या बाकड्यावर बसा नाहीतर नाइलकाठच्या झुंबराखाली, बाटली बहुतेक तीच असणार आहे. भाव बदलतो तो खुर्चीचा. त्यामुळे ‘कोणती बियर स्वस्त’ हा प्रश्नच सोडून द्या आणि ‘कुठे बसायचं’ एवढंच बघा.

बसायचं वस्त अल-बलदमध्ये, म्हणजे मध्य शहरात. तलात हर्ब चौक धरा, कस्र अल-नील रस्ता आणि बाब अल-लूक हा भाग धरा. एकोणिसाव्या शतकात खेदिव्ह, म्हणजे इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता, इस्माईलने पॅरिसच्या नमुन्यावर वसवलेला हा भाग. इथे ग्रीक, इटालियन, आर्मेनियन, ज्यू असे सगळे राहायचे, त्यांची हॉटेलं, क्लब, बार इथेच होते. १९५० नंतर ती माणसं पांगली, इमारतींचे गिलावे निघाले, पण परवाने असलेली बरीच ठिकाणं टिकली. म्हणून स्वस्तात बसायच्या जागा आजही याच काही रस्त्यांवर एकवटलेल्या आहेत. खान अल-खलिली, अल-अजहर, हुसेन मशीद या जुन्या वस्तीत शोधूच नका. तिथल्या प्रसिद्ध फिशावी कॅफेत पुदिन्याचा चहा घ्या, बियर विचारून वेटरला अवघडवू नका. आणि राहायची जागा अजून बुक केली नसेल तर गिझात घेऊ नका. खिडकीतून पिरॅमिड दिसतो म्हणून लोक तिकडे राहतात, मग रोज संध्याकाळी शहरात यायला टॅक्सीचे पैसे आणि कैरोच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास. तीन दिवस आपले आपण राहणार असाल तर मध्य शहरातच राहा, चालत जा, चालत या.

आता तुमच्यासाठी पहिली जागा: बाब अल-लूकमधलं, फलाकी चौकातलं कॅफे हुर्रिया. १९३६ पासूनचं. उंच छत, पिवळट भिंती, जुन्या बियरच्या जाहिराती असलेले आरसे, पांढरा ट्यूबलाइट, डगमगणारी टेबलं. सजावट म्हणावी असं काही नाही. आपल्याकडच्या जुन्या परमिट रूमची सवय असेल तर पाच मिनिटांत घरच्यासारखं वाटेल, फक्त इथे अंधार नाही आणि पडदेही नाहीत. एका भागात म्हातारे चहा पीत बुद्धिबळ खेळतात, तिथे बियर चालत नाही. तिकडे बाटली घेऊन जाऊ नका, डावात मन असलेल्या माणसाला ते आवडत नाही. उरलेल्या भागात बियर आणि फक्त बियर. मेनूकार्डाची वाट बघू नका. तुम्ही बसलात की बाटल्या येतात, संपत आल्या की न मागता पुढच्या येतात, आणि रिकाम्या बाटल्या टेबलावरच राहतात, कारण शेवटी त्याच मोजून हिशेब होतो. नको असेल तेव्हा हात आडवा धरून ठामपणे ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, आभारी’, म्हणायचं. संकोच केलात तर चौघांच्या आठ बाटल्या व्हायला वेळ लागत नाही.

खायला तुर्मुस येतो: खारवलेले पिवळे चपटे दाणे, बोटांनी साल सोडवून खायचे. थोडे कडसर लागतात, पण दुसऱ्या मुठीनंतर थांबवत नाहीत. पोटभर जेवण इथे मिळत नाही, तेव्हा आधी जवळच कुठेतरी कोशारी खाऊन घ्या. भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोचा आंबट-तिखट रस्सा आणि तळलेला कांदा. स्वस्त आणि शाकाहारी. उपासाला चालणार नाही, बाकी दिवशी हरकत नाही.

आणि तुमचा खरा प्रश्न, बायकांचा. हुर्रियात कॉलेजच्या मुली, पत्रकार, चित्रकार, परदेशी पाहुण्या अशा सगळ्या जणी येऊन बसतात. तुम्ही दोघी चौघांत बसाल, कुणी मान वळवून बघणारही नाही. स्वच्छतागृह मात्र हॉटेलातून निघतानाच उरकून घ्या. जास्त खोलात जात नाही.

याच भागात ‘बलदी’, म्हणजे साधे स्थानिक, बार म्हणतात तसे आणखी छोटे बार आहेत. अब्दुल खालिक थरवत रस्त्यावरचा कॅप द’ऑर त्यातला एक जुना. लाकडी काउंटर, धूर, टीव्हीवर फुटबॉल, काकडी-टोमॅटोच्या बशा. इथे नव्वद टक्के पुरुषच असतात. वाईट वागतात असं नाही, उलट जरा जास्तच अदबीने जागा करून देतात, पण सगळ्यांचं बोलणं थोडं थांबल्यासारखं होतं. मला ते अवघड वाटतं, काहींना त्यात मजा वाटते. नवरा-दीर दोघं एकदा जाऊन यायला हरकत नाही. या बारांना बाहेरून फारशी पाटी नसते. रस्त्याच्या बाजूची काच रंगवलेली किंवा दार अर्धवट ओढलेलं दिसलं, की समजायचं.

जेवण आणि बियर एकत्र, टेबलक्लॉथ घातलेलं टेबल, असं हवं असेल तर तलात हर्ब रस्त्यावरचं कॅफे रिश. १९०८ सालचं. कादंबरीकार नगीब महफूज यांची शुक्रवारची बैठक इथे भरायची, आणि इंग्रजांविरुद्धच्या १९१९ च्या उठावातले लोक इथल्या तळघरात पत्रकं छापायचे असं सांगतात. हुर्रियापेक्षा बिल जास्त येतं, पण मोठ्या हॉटेलच्या मानाने काहीच नाही. तलात हर्ब आणि कस्र अल-नील यांच्या मधल्या बोळात एस्टोरिल आहे. भिंतीभर चित्रं, मेझेच्या, म्हणजे तोंडी लावायच्या पदार्थांच्या, छोट्या बशा, दाराशीच बार. तुम्हा दोघींना मी रिशपेक्षाही एस्टोरिल सुचवेन. एका संध्याकाळी चार-पाच बशा आणि दोन-दोन बियर, त्यातच जेवण होतं.

गच्च्यांचं काय? मध्य शहरातल्या जुन्या हॉटेलांच्या गच्चीवर बार असतात. ओडियन पॅलेस, कार्लटन ही त्यातली ओळखीची नावं. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुंड्या, रात्री उशिरापर्यंत मोकळं वारं आणि खाली हॉर्नचा अखंड आवाज. नाइल दिसत नाही म्हणून भाव आवाक्यात. झमालेक हे नदीतलं बेट छान आहे, झाडं आहेत, पब आहेत, पण तो कैरोच्या पैसेवाल्यांचा भाग आहे आणि भावही तसेच. नाइलकाठची मोठी हॉटेलं आणि पिरॅमिडसमोरच्या टेरेस यांच्याबद्दल माझं मत असं, की एक बियर तिथे घ्यायचीच असेल तर सूर्य मावळताना घ्या, दोघांत एक घ्या आणि उठा.

उठायला मात्र ‘मिनिमम चार्ज’ आडवा येऊ शकतो. कैरोत हा शब्द असाच चालतो. माणशी अमुक इतक्या इजिप्शियन पौंडांचं तरी खाल्लं-प्यायलंच पाहिजे, एकच बियर घेतली तरी तेवढे द्यायचे. हे बसण्याआधी दारातच विचारायचं. त्यातून मेनूवरच्या भावावर बहुतेक चांगल्या ठिकाणी १२ टक्के सर्व्हिस आणि १४ टक्के कर चढतो. कर अनेकदा सर्व्हिस धरून लावतात, म्हणजे शंभराची वस्तू जवळजवळ एकशे अठ्ठावीसला पडते. फाइव्ह स्टारच्या दरांनी तुम्ही हबकलात, त्यात हे धरलेलं होतं की नाही तेही एकदा बघा. हुर्रियासारख्या ठिकाणी ही भानगड नसते. तिथे बाटल्या गुणिले भाव, आणि वर वेटरला थोडी बक्षिसी.

आकडे मी मुद्दाम देत नाही. मार्च २०२४ मध्ये एका दिवसात डॉलरचा भाव ३१ पौंडांवरून पन्नाशीपर्यंत गेला. तिथे छापील किंमत टिकत नाही. त्यापेक्षा एक मोजपट्टी देते: पहिल्याच दिवशी दुकानात स्टेलाचा भाव बघून ठेवा. बारमध्ये तो दुपटीच्या आत असेल तर निवांत बसा, चौपटीला गेला तर नजाऱ्याचे पैसे देतोय हे कळून बसा.

भाव बघताना एक गोष्ट आपल्या लोकांना विशेष नडते. साध्या जागी किमती अरबी आकड्यांत लिहिलेल्या असतात आणि त्यांचा पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा दिसतो. त्यांचा शून्य म्हणजे नुसता ठिपका. दोन आणि तीन ओळखीचे वाटतात, चार हा उलटा केलेला इंग्रजी तीन. सात म्हणजे वर उघडं असलेलं टोक, आठ म्हणजे तेच उपडं. विमानात बसल्या बसल्या दहाही आकडे पाठ करा. रस्त्यावर फळवाल्याकडेही उपयोग होईल.

दुकान म्हणजे ड्रिंकीज. स्टेलाच्या कंपनीचीच ही साखळी आहे, झमालेकमध्ये २६ जुलै रस्त्यावर आहे, मध्य शहरातही आहेत. बियर, इजिप्शियन वाइन, सगळं लेबलच्या भावात. ती पिशवी मात्र सरळ हॉटेलवर न्यायची. सार्वजनिक जागी पिण्यावर १९७६ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे नाइलच्या कट्ट्यावर बसून बाटली उघडायची नाही. हॉटेलच्या खोलीत बाहेरची बियर चालते का, हे चेक-इनलाच विचारा. लहान हॉटेलं घरगुती असतात, काही मालकांना अजिबात चालत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे. साध्या खाणावळीत ‘बियर’ म्हटलंत तर बहुधा ‘बिरेल’ येईल. ती बिनदारूची. तुमची निराशा होईल. आणि सक्कारात ‘किंग’ लिहिलेली बाटली दिसली तर ती १० टक्क्यांची आहे. साध्या स्टेलाच्या दुपटीहून जास्त चढते, तेव्हा हिरव्या बाटलीच्या हिशेबाने पिऊ नका.

फेलुक्का, म्हणजे शिडाची होडी, तासाच्या भाड्याने मिळते. गार्डन सिटीच्या धक्क्यावरून चौघांत एक तास घेतलात तर माणशी फार पडत नाही. लोक सोबत खाणं घेऊन जातात. थंड बियर नेण्याबद्दल होडीवाल्याला निघण्याआधी विचारा. तो ‘नाही’ म्हणाला तर वाद घालू नका, चहाचा थर्मास त्याच्याकडे असतोच.

आता भाऊजी. त्यांना स्पष्ट सांगा, कैरोत स्वस्त म्हणजे बियर, स्वस्त व्हिस्की नव्हे. आयात दारूवर जबर कर आहे, म्हणून बारमध्ये स्कॉचचा पेग चौघांच्या बियरला भारी पडू शकतो. आणि ओळखीच्या ब्रँडच्या नावात एखादं अक्षर फिरवलेल्या ज्या स्थानिक बाटल्या दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. अशा मालात मिथेनॉल असलं तर डोळे जातात, माणूसही जातो. यात काटकसर करायची नाही. त्यांच्यासाठी मार्ग एकच, विमानतळावरची ड्यूटी फ्री. कैरोला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळच दुकान असतं, तिथे पासपोर्टावर बाटल्या मिळतात. मुंबईहूनच घ्यायची असेल तर विमान कुठून जातं ते आधी बघा. जेद्दा किंवा कुवेतमार्गे तिकीट स्वस्त पडतं, पण दोन्ही देशांत दारूला बंदी आहे, तिथल्या तपासणीत बाटली अडकली तर परत मिळणार नाही. इजिप्तएअरचं थेट विमान आहे, त्यात दारू देत नाहीत. भाऊजींना तेवढे तास निभवावे लागतील.

ड्यूटी फ्रीवरून आठवलं. तलात हर्बच्या आसपास एखादा गोड बोलणारा माणूस भेटेल. बहिणीचं लग्न आहे, तुमच्या पासपोर्टावर दोन बाटल्या काढून द्या, म्हणेल. खरेदीची नोंद तुमच्या पासपोर्टावर होते, म्हणून हसून पुढे चालायचं. दुसरा एक प्रकार अल्फी रस्त्याच्या बाजूच्या कॅबरेंमध्ये चालतो. बियरचा भाव दारात अगदी माफक सांगतात, मग न मागता फळांची, सुक्यामेव्याची ताटली येते आणि बिलात तिचीच किंमत बियरच्या कितीतरी पट असते. हुर्रियातला तुर्मुस निर्धास्त खा. नाचगाण्याच्या जागी मात्र ‘हे कितीला’ विचारल्याशिवाय दाणासुद्धा उचलायचा नाही.

वागण्याबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगते. बारमध्ये फोटो काढायचेच असतील तर आपल्या टेबलाचे काढा, मागे कुणाचा चेहरा येऊ देऊ नका. शेजारी बसलेल्या इजिप्शियन माणसाने घरी सांगितलेलं नसतं. तुमच्या फेसबुकवरचा फोटो त्याच्या मामापर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

राहिल्या तारखा. दिवाळीतच जा. सध्या रमजान फेब्रुवारीच्या आसपास येतो आणि त्या महिन्यात ही सगळी यादी जवळजवळ निकामी होते. ड्रिंकीज बंद, बलदी बार बंद, हुर्रियात फक्त चहा. परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट दाखवून मिळते ती मोठ्या हॉटेलांत आणि मोजक्याच ठिकाणी, म्हणजे तुम्हाला जिथे जायचं नाही नेमकी तिथेच. दिवाळीच्या तारखा ठरवतानाही इस्लामी कॅलेंडर एकदा चाळा, कारण मिलादसारख्या सणांना एखादा दिवस दुकानं बंद राहतात. तसा दिवस तुमच्या तीनांत आलाच, तर बियर आदल्या संध्याकाळी आणून खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज चालू आहे का तेवढं आधी बघा, कैरोतल्या लहान हॉटेलांत तो बरेचदा शोभेला असतो.